साडेसात डोक्यांचा माणूस

त्या मुलीच्या चित्रातल्या बाईला नाक नव्हतं. बसस्टॉपवर उभी असलेली बाई, हातात पिशवी, मागे स्वारगेटची पाटी, सगळं जागच्या जागी. पण डोळे वाटीएवढे, आणि नाकाच्या ठिकाणी एक बारीक तिरकी रेघ, तीही असून नसल्यासारखी. मी विचारलं, या बाईला सर्दी होत नाही का? वर्गात हशा पिकला. ती मुलगी हसली नाही. तिने खोडरबर उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

मी नारायण पेठेत चित्रकलेचे वर्ग घेते. दुसरा मजला, हॉलमध्ये सतरंजी, शनिवार-रविवार दुपारी तीन ते पाच. तीस वर्षं झाली. मुलं माझ्याकडे कलेच्या ओढीने वगैरे येत नाहीत. इंटरमिजिएटची ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आया पाठवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. ‘बसस्टॉप’, ‘भाजीबाजार’, ‘बागेतील दृश्य’ असा काहीतरी विषय येतो आणि समोर काही न ठेवता, नुसतं आठवून चित्र काढायचं असतं. आता नववीतल्या पोराला काय डोंबल आठवणार? म्हणून मी नमुने देते. प्रत्येक विषयाचं एक चित्र मी स्वतः काढून ठेवलंय. तीन मोठ्या आकृत्या, मागे दोन लहान, आणि माणूस साडेसात डोक्यांचा, म्हणजे डोक्याच्या साडेसातपट उंच. मुलं तो नमुना वीस-वीसदा काढतात आणि परीक्षेत जसाच्या तसा उतरवतात. बहुतेक क्लासांत हेच चालतं, कबूल कोणी करत नाही एवढंच.

तर ही मुलगी नववीतली. तिचे वडील बुधवार पेठेत फोटोफ्रेमचं दुकान चालवतात, आणि माझ्या वर्गाच्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा त्यांच्याच हातच्या. मुलगी हाताने चांगली, पण डोक्यात ते जपानी कार्टून शिरलेलं. मी तिला सांगितलं की परीक्षक असले डोळे बघून चष्मा काढून ठेवेल. चेहरा म्हणजे काय, हाडं म्हणजे काय, यातलं काही ज्यांना कळत नाही त्यांचं हे काम, असंही म्हणाले. अजून बरंच म्हणाले. मी बोलायला लागले की माझं मलाच थांबता येत नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर तिने शांतपणे विचारलं, “बाई, तुम्ही एकतरी बघितलंय का?”

बघितलं नव्हतं. न बघता नावं ठेवायची ही पुण्याची जुनी कला आहे, पण ती आपल्याला येते हे कोणी तोंडावर सांगितलं की झोंबतं. मी म्हटलं, आण एखादं. पुढच्या शनिवारी तिने एक जाडसर पुस्तक आणलं. मी उघडलं, तर तिने माझ्या हातातून घेऊन उलटं केलं आणि परत दिलं. ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हणे उजवीकडून डावीकडे वाचायची. तिच्या वडिलांना हे सांगायची वेळ आली नव्हती. त्यांच्या घरात उर्दू पुस्तकं होती, त्यांनी ते आपसूक बरोबर बाजूने उघडलं होतं. मला मात्र पहिल्या मिनिटालाच शेवटचं पान दिसून गेलं, त्याचा राग आला.

खरं तर त्या दिवसांत मला कशाचाही राग येत होता. आमचे हे जाऊन दहा महिने झाले होते. दिवसकार्याच्या वेळी दीर म्हणाले की चांगला फोटो मोठा करून लावू. मी ताडकन म्हणाले, माणसाची बायको तीस वर्षं चित्रकला शिकवतेय आणि भिंतीवर स्टुडिओतला फोटो लावायचा? वर्षश्राद्धाला यांचं चित्र भिंतीवर असेल आणि ते मी काढलेलं असेल. दहा-बारा नातेवाईक बसले होते, सगळ्यांच्या देखत बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण चित्र येईना. एक फोटो होता बँकेच्या ओळखपत्रावरचा. तो बघून काढलं की ओळखपत्रावरचाच माणूस उमटायचा, कान ताठ आणि नजर साहेबासमोर उभं राहिल्यासारखी. मला घरातला माणूस हवा होता. तो आठवून काढायला बसले की हाताला काहीच सापडत नसे. भुवया जाड होत्या का? डाव्या गालावर तीळ होता, की उजव्या? अडतीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचा चेहरा दहा महिन्यांत पुसट व्हायला लागला, याची मला इतकी भीती बसली की जागेवर बसवेना. पेन्सिल घ्यायची, उठायचं, गॅलरीत जायचं, सुकलेले कपडे पुन्हा झटकायचे, परत यायचं. चहा टाकायचा आणि विसरायचा. चहा म्हणजे तर यांचा जीव. वर्ग ऐन रंगात आलेला असताना स्वयंपाकघराचा पडदा बाजूला करून, हातात सांडशी घेऊन विचारायचे, “चहा टाकू का?” मी वैतागायचे. आत्ताच तर झाला, असं पोरांसमोर फाडकन म्हणायचे.

त्या अस्वस्थपणात मी ती मांगा वाचली. मग भाचीने टीव्हीवर काय ते लावून दिलं आणि मी ॲनिमे, म्हणजे त्याच गोष्टींची हलती चित्रं, बघायला लागले. हातात वही घेऊन, पेपर तपासल्यासारखी. बसून नाही, बहुतेक वेळ उभ्यानेच. वहीत दोष लिहून काढले आणि ते शनिवारी त्या मुलीला वाचून दाखवायचे.

लिहिण्यातले दोष आधी. एक मारामारी सुरू झाली की सहा-सहा भाग संपत नाही. बरं, मारामारी तरी करा. तर मध्येच थांबून एकजण दुसऱ्याला आपल्या शक्तीचं तपशीलवार विवेचन ऐकवतो आणि शत्रू ते हात बांधून ऐकतो. आमच्या कीर्तनातले बुवाही इतका वेळ घेत नाहीत. कोणी मरायला टेकला की त्याचं लहानपण सुरू. ते इतकं लांबतं की आपणच म्हणावं, बाबा, सूट आता. गोष्ट संपवायची कशी हे त्यांना कळत नाही, कारण लोकांना आवडतेय तोवर आठवड्याला नवं प्रकरण छापायचं असतं. त्यामुळे सुरुवातीला जे सुबक असतं त्याचं पुढे मारुतीचं शेपूट होतं. आणि मुलींचे ते तोकडे झगे. शाळेतली पोर पडते काय आणि कॅमेरा बघतो कुठे काय. त्याबद्दल मी त्या मुलीला परखडपणे विचारलं. तीही म्हणाली की तिला त्याचा संताप येतो, ती ते भाग सोडून देते. निदान तिथे आमचं जमलं.

चित्रांचे दोष वेगळ्या पानावर. नाक गाळलेलं. बाजूने काढलेल्या चेहऱ्याला तोंड गालावर. सगळे चेहरे एकाच साच्यातले, केसांचा रंग बदलला की माणूस बदलला. बोलताना फक्त ओठ हलतात, बाकी सगळा माणूस गोठलेला. हे काम वाचवणं आहे, कला नाही. आणि कागदाची नासाडी किती! पानभर चौकोन असतात, त्यातल्या तिनात काहीही घडत नाही. एकात किटली. एकात विजेच्या तारा. एकात नुसता हलणारा पडदा. अरे, गोष्ट पुढे न्या ना.

हे वाचून दाखवताना मी येरझाऱ्या घालत होते आणि ती मुलगी खाली मान घालून रंगाची वाटी धूत होती. साच्यातल्या चेहऱ्यांचा मुद्दा आला तेव्हा ती म्हणाली, “आपल्या नमुन्यांसारखे.” उद्धटपणे नाही, भर घातल्यासारखं. मग मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वर्ग साडेपाचपर्यंत चालला. कोणी हूं की चूं केलं नाही. या वर्षी वर्गात शिस्त चांगली आली होती. तीन मुलं सोडून गेली होती, पण राहिली ती अगदी गप्प बसायची.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नव्हती. ती अशी, की मला ती किटली आठवत राहिली. भात नुसता वाफाळलेला, पण काय काढलेला! पावसाने ओला झालेला रस्ता, रिकामा जिना, दुपारी घरात पडलेलं ऊन. माणसांची नाकं गाळणारे हे लोक भांड्याच्या कडेवरचा उजेड सोडत नाहीत. हे कबूल करायला जीभ रेटेना, म्हणून मी चिडत होते.

चित्राचं काय, तर मी ते एकदाचं पूर्ण केलं. वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते. कसं केलं ते मलाच माहीत. एका दुपारी दात-ओठ खाऊन बसले आणि उठलेच नाही. हात आपोआप चालला. चांगलं झालं होतं. छाया-प्रकाश चोख, कपाळाची हाडं बरोबर, प्रमाण निर्दोष. सुरळी करून तडक बुधवार पेठेत गेले.

फ्रेमवाल्यांचं दुकान गल्लीत आत, एका वायर-प्लगवाल्याच्या शेजारी. गेली वीस वर्षं ते आमच्या घरी फ्रेमा पोचवायला येतात. यांच्याशी त्यांची ओळख तर माझ्यापेक्षा जास्त. मी हिशोबाचं आणि कडा वाकडी असल्याचं बोलायची, हे दोघं क्रिकेटचं बोलायचे. त्यांनी काउंटरवरची काच बाजूला केली, सुरळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. चष्मा वर सरकवून नीट बघितलं.

“सुंदर आहे, बाई,” ते म्हणाले. “कोण आहेत हे?”

मी म्हटलं, आहेत एक नातेवाईक. मापं घ्यायला थांबलेच नाही, सुरळी उचलली आणि बाहेर पडले. मागून ते काहीतरी विचारत होते. दगडूशेठसमोरच्या गर्दीतून मी नमस्कारही न करता पुढे गेले. घर उजवीकडे होतं तर डावीकडे वळले. बस आली, चढले. स्वारगेटला उतरले, आणि इथे आपलं काय काम म्हणून पुन्हा उलटी बस पकडली. सुरळी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं की कॅलेंडर का. हो म्हटलं.

घरी येऊन चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि बघत राहिले. कुठेतरी पाहिला होता हा माणूस. मग मी नमुन्यांची फाइल काढली. ‘बागेतील दृश्य’. बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले एक आजोबा. तीस वर्षांत काही हजार मुलांनी ते उतरवले असतील. तेच कपाळ, तोच तिरपा चेहरा, कानामागची तीच छाया. मी माझा नवरा म्हणून परीक्षेतला माणूस काढला होता. मला आठवलं ते चित्र होतं, हे नव्हतेच. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी जपान्यांच्या नाकांचे दोष काढत बसले होते. मी त्या फाइलशेजारी जमिनीवर बसून खूप रडले. इतक्या महिन्यांत तशी रडले नव्हते.

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतलं. तिला वाटलं आता बोलणी बसणार, तिने पिशवी पोटाशी धरली होती. मी तिच्यासमोर दोन्ही चित्रं ठेवली. तिने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. पोरगी हुशार, काही विचारलं नाही. मी म्हटलं, मला काकांचा चेहरा आठवत नाही गं. बोलले आणि मलाच ऐकवेना, म्हणून उठून खिडकी लावली. पुन्हा उघडली.

तिने पोटाशी धरलेली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली की चेहरा नसला तरी चालतो, बाई, आमच्या त्यात कितीदा नसतो. माणसाचं फक्त त्याचं असं एक काहीतरी काढायचं, आणि त्याच्या आधी-नंतर काय होतं ते. तिलाही काका आठवतात, पण चेहऱ्याने नाही.

“मग कशाने?”

“पडद्यातून हात यायचा ना. सांडशीवाला.” ती थांबली. तिला पुढचं बोलू का नको असं झालं होतं. “तुम्ही कोणाला फार रागवायला लागलात की यायचा. आम्ही वाट बघायचो, बाई.”

मी म्हटलं, अगं, त्यांना चहा लागायचा सारखा. ती मान हलवून म्हणाली की नाही, दरवेळी बरोबर तेव्हाच लागायचा. एकदा तिच्या मैत्रिणीला मी रडवलं होतं. तेव्हा त्यांनी लागोपाठ दोनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा सांडशीत भांडंसुद्धा नव्हतं.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पडद्याच्या आत उभी राहिले. तिथून हॉलमधलं सगळं ऐकू येतं. तीस वर्षं हा माणूस इथे उभा राहून माझं बोलणं ऐकत होता. कधी एका शब्दाने मला बोलला नाही, आणि मी समजले चहाबाज आहे. पाच-पाच कप पचवले बिचाऱ्याने. पोरं सोडून का गेली, वर्गात शिस्त कशी आली, सगळं एकदम कळलं. कोणी थांबवणारंच उरलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग मी भिंतीसाठी मांगासारखं एक पान काढलं. चौकोन कसे पाडायचे, डोळा कुठून कुठे जातो, हे मला त्या मुलीने शिकवलं. मी म्हटलं डावीकडून उजवीकडेच वाचायचं, नातेवाईकांना किती म्हणून त्रास द्यायचा. पहिल्या चौकोनात मी, उभी, तोंड उघडं. तिने भीत भीत सुचवलं की बाईंभोवती रागाच्या रेघा पाहिजेत. मी मारल्या, आणि स्वतःचे डोळे वाटीएवढे काढले, कारण राग तेवढाच होता. दुसऱ्यात सतरंजीवर खाली घातलेल्या माना. तिसऱ्यात नुसता पडदा. त्या चौकोनात काहीही घडत नाही, आणि त्याच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. चौथ्यात पडद्याच्या कडेतून आलेला हात. मनगटावर सैल झालेलं घड्याळ, उजव्या अंगठ्याचं फुटकं नख, सांडशी. तो हात काढताना मला एकदाही आठवावं लागलं नाही. पाचव्यात गॅसवरचं पातेलं आणि त्याच्या कडेवरचा उजेड.

वहीतले दोष मी अजूनही मागे घेतलेले नाहीत. ती मारामारी एका भागात संपलीच पाहिजे, आणि झगे गुडघ्याखाली आलेच पाहिजेत. त्या मुलीलाही सांगितलं की परीक्षेत माझा नमुनाच काढ, नाक घालून. फक्त शेवटचा अर्धा तास मी आता वर्गात नमुना ठेवत नाही. ज्याला जे खरंच आठवतं ते काढू देते. बहुतेक पोरं कोऱ्या कागदाकडे बघत बसतात. बसू देत.

वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी पुन्हा बुधवार पेठेत गेले. फ्रेमवाल्यांनी काच बाजूला केली, कागद पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली. सवयीने उजवीकडून बघायला लागले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि डावीकडे आले. मी दुकानात उभी राहू शकत नव्हते, पायरी उतरून पुन्हा चढले. ते चौथ्या चौकोनापाशी थांबले. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

“मलाही दोनदा वाचवलंय साहेबांनी,” ते म्हणाले.

फ्रेम कधी पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं, आणि नेहमीसारखं ‘उद्या’ ऐकायच्या तयारीत वहीवर पेन टेकवून थांबले. मी म्हटलं, तुमच्या सवडीने करा.